कोजागिरीच्या दुधापर्यंत न पोचलेला उजेड

२०२२ ची कोजागिरी ९ ऑक्टोबरला आली होती, रविवारी. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सतरंज्या अंथरून झाल्या होत्या, पोरांची पळापळ चालली होती आणि मी मोठ्या गंजातल्या दुधात सराटा फिरवत उभा होतो. काम सोपं, पण जोखमीचं. तळाला लागलं की पुढची कोजागिरी येईपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. शेजारच्या काकू चारोळी निवडता निवडता दर दोन मिनिटांनी बजावत होत्या, "लागू देऊ नका जी दूध, ढवळत राहा." चंद्र पूर्वेला नुकताच वर आला होता. सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी एक चाहूल लागली आणि त्यानंतर चार मिनिटांच्या आत, गॅमा किरणांचे स्फोट मोजायला लागल्यापासूनचा सगळ्यात तेजस्वी स्फोट जवळजवळ आमच्या डोक्यावरून येऊन आदळला.

गच्चीवर कोणाला पत्ता नाही. गॅमा किरण म्हणजे एक्स-रेहूनही जोरकस उजेड, डोळ्यांना न दिसणारा. चाहूल लागली ती उपग्रहांना.

"डोक्यावरून" हे मी रंगवून सांगत नाही. नंतर एका रात्री मोबाइलवरच्या आकाशाच्या ॲपमध्ये तारीख मागे नेली, वेळ टाकली, जागा नागपूर ठेवली. स्फोट झाला ती जागा शर नावाच्या चिमुकल्या तारकासमूहात, श्रवण ताऱ्याच्या वायव्येला. आमच्या माथ्यापासून आठ अंशांच्या आत. हात लांब करून मूठ धरली तर मूठभर आकाश दहा अंशांचं भरतं, त्यापेक्षाही कमी. अगदी बरोबर माथ्यावर तो होता दीवच्या दक्षिणेला, अरबी समुद्रावर. म्हणजे त्या संध्याकाळी पृथ्वीचा जो अर्धा भाग या माऱ्यासमोर आला, त्याच्या जवळपास मधोमध आपला देश होता.

मग काहीच कसं झालं नाही? कारण आपल्या डोक्यावर हवा आहे. आपल्याला ती पोकळ वाटते, पण जमिनीपासून वरपर्यंतची सगळी हवा दाबून पाण्याइतकी दाट केली तर दहा मीटर पाणी भरेल, म्हणजे तीन मजली घर बुडेल एवढं. गॅमा किरण यातून खाली येत नाहीत. दुधात चंद्राची किरणं पडली, या दुसऱ्या उजेडाचं मात्र सगळं वरच्यावर संपलं. वरच्या हवेला तेवढं जाणवलं. साठ-सत्तर किलोमीटरपासून पुढे जो विद्युतभारित थर आहे, आयनांबर, त्याचा खालचा भाग त्या मिनिटांत ढवळून निघाला, आणि या थरावर आपटून जाणाऱ्या रेडिओ लहरींच्या नोंदीत तो धक्का उमटला. प्रकाशाला यायला १९० कोटी वर्षं लागली, एवढ्या लांबच्या गोष्टीने आपल्या छपराला हात लावून जावा, हे मला अजूनही पचत नाही.

आता आकड्यांचं बोलू, कारण त्याशिवाय पुढचं सगळं नुसतं "बापरे" होऊन बसतं.

प्रकाश सुट्ट्या कणांनी येतो. त्यांना फोटॉन म्हणतात, आणि एकेका कणाजवळ किती ऊर्जा आहे ते इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मोजतात. चांदण्याच्या एका कणाजवळ दोन-अडीच. दातांच्या एक्स-रेमधल्या कणाजवळ दहा हजारांच्या पटीत. कॅन्सरच्या रुग्णांना शेक देणाऱ्या मशीनमधल्या कणांजवळ बऱ्याचदा साठ लाखांपर्यंत. आणि फर्मी नावाच्या उपग्रहावरची मोठी दुर्बीण जिथून मोजायला सुरुवात करते तो आकडा दोन कोटी. तिथून ती तीस हजार कोटींच्याही पुढे मोजते. इथून पुढे मी नुसतं "कोटी" म्हणालो की कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट समजा. आकडे राज्याच्या बजेटसारखे वाटतील, पण एकेका कणाचे आहेत. तरी फार घाबरू नका. साडेनऊ हजार कोटींचा एक फोटॉन म्हणजे उडणाऱ्या एका डासाच्या ऊर्जेचा जेमतेम दहावा भाग. नवल एवढंच, की डासात अब्जावधींच्या अब्जपट अणू असतात आणि इथे हे सगळं एका कणात कोंबलेलं आहे.

हे स्फोट सापडले ते बॉम्ब शोधताना. १९६३ मध्ये हवेत आणि अंतराळात अणुचाचण्या करायच्या नाहीत असा करार झाला आणि रशिया तो मोडतो का हे पाहायला अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह वर धाडले. २ जुलै १९६७ ला त्यांनी एक विचित्र झटका नोंदवला. तो बॉम्बसारखा नव्हता. मग असे आणखी सापडत गेले. दोन उपग्रहांवर एकच झटका किती फरकाने पोचला यावरून दिशा काढली, तर पृथ्वी नाही, सूर्य नाही, भलतीकडूनच. जगाला हे कळलं १९७३ मध्ये. पुढची वीस-पंचवीस वर्षं हे स्फोट आपल्या दीर्घिकेतले की बाहेरचे यावर भांडणं चालली. १९९१ मध्ये अंतराळात गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने रोज साधारण एक या हिशोबाने अडीच हजारांवर स्फोट नोंदवले आणि ते आकाशात सगळीकडे सारखेच विखुरलेले निघाले. आपल्या दीर्घिकेतले असते तर आकाशगंगेच्या पट्ट्यात गर्दी दिसली असती. १९९७ मध्ये अंतरंच मोजता आली आणि वाद मिटला. अब्जावधी प्रकाशवर्षं.

फुटतं काय? दोन सेकंदांहून जास्त चालणारे बहुतेक स्फोट हे सूर्याच्या कित्येक पट जड ताऱ्याचं मरण असतं. गाभा कोसळतो, कृष्णविवर तयार होतं आणि ताऱ्याच्या दोन टोकांतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने झोत बाहेर पडतात. त्यातला एक झोत आपल्याकडे रोखलेला असला तरच आपल्याला स्फोट दिसतो. छोटे स्फोट बहुतेकदा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या अतिदाट गाभ्यांच्या, टकरीतून होतात. १७ ऑगस्ट २०१७ ला अशा टकरीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातलेच तरंग, आल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मीवर गॅमा किरणांचा झटका आला, तेव्हा याचा हातोहात पुरावा मिळाला.

फर्मीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी गंमत या यंत्रात आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही.

११ जून २००८ ला तो वर गेला. साधारण साडेपाचशे किलोमीटरवर, दीड तासापेक्षा थोड्या जास्त वेळात पृथ्वीला एक फेरी. त्याची कक्षा विषुववृत्ताशी २५.६ अंश कललेली आहे, म्हणून तो उत्तरेला तेवढ्याच अक्षांशापर्यंत येतो. नागपूर २१ अंशांवर. तेव्हा तो आपल्या डोक्यावरून जातो आणि दिल्लीच्या डोक्यावरून कधीच जात नाही. झीरो माइलवाल्यांना एवढा अभिमान चालायला हरकत नाही.

दुर्बीण म्हटलं की आपल्याला भिंग किंवा आरसा आठवतो. इथे दोन्ही नाहीत. शंभर कोटींचा कण आरशावरून परावर्तित होत नाही, आरपार जातो नाहीतर आरशातल्याच एखाद्या अणूत फुटतो. म्हणून फर्मीने सरळ फुटू द्यायचं ठरवलं. सोळा मनोरे, चार गुणिले चार, एकमेकांना लागून उभे. प्रत्येकात टंगस्टनचे पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये सिलिकॉनच्या बारीक पट्ट्यांचे थर. एक गॅमा कण वरून येतो. पहिला पत्रा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्या पत्र्यात तो टंगस्टनच्या अणुगर्भाजवळून जातो आणि त्याच क्षणी नाहीसा होतो. त्याच्या जागी दोन कण निघतात, एक इलेक्ट्रॉन आणि एक त्याचा उलट्या भाराचा जुळा, पॉझिट्रॉन. ऊर्जेतून पदार्थ, आइनस्टाइनचं समीकरण उलट्या बाजूने वाचल्यासारखं. हे दोघं खाली जाताना प्रत्येक सिलिकॉनच्या थरात बारीक विजेची खूण ठेवतात. खुणा जोडल्या की उलट्या कावळ्याच्या पायासारखा आकार दिसतो, आणि दोन रेषा जिथे मिळतात तिथून वर रेघ ओढली की कण कुठून आला ती दिशा. तळाला सीझियम आयोडाइडचे स्फटिक आहेत. त्यात उरलीसुरली ऊर्जा जिरते, स्फटिक चमकतो, चमक मोजली की ऊर्जा कळते.

अडचण अशी, की अंतराळात भलत्याच कणांचा पाऊस सतत पडत असतो, मुख्यतः प्रोटॉनांचा, आणि एका खऱ्या गॅमा कणामागे असे हजारो उपरे येतात. म्हणून सगळ्या यंत्राला प्लॅस्टिकच्या फरश्यांचं वेष्टण आहे. विद्युतभार असलेला कण फरशीतून जाताना तिला चमकवतो, गॅमा कणाला भारच नाही म्हणून तो चुपचाप आत येतो. फरशी चमकली की तो कण बाद. गेटवर पावती फाडणारा माणूस असतो तसं हे, फक्त उलटं: ज्याची पावती फाटली त्याला प्रवेश नाही. आणि हा सगळा कारभार साडेसहाशे वॅटवर चालतो, म्हणजे घरातल्या मिक्सरइतक्या विजेवर.

याच फर्मीवर कमी ऊर्जेचे चौदा छोटे शोधक वेगळे आहेत, सगळ्या दिशांना तोंड करून. स्फोट झाला की आधी ते ओरडतात, आणि स्फोट जोरकस असला तर अख्खा उपग्रह आपला आपण तिकडे वळतो. जाता जाता एक सांगायलाच हवं: हे शोधक खालूनही झटके पकडतात. वादळी ढगांतून, विजेच्या वेळी, मिलिसेकंदभराचे गॅमा झटके वर सुटतात. मे महिन्यात वळवाच्या वेळी सीताबर्डीच्या आभाळात जे तांडव चालतं त्या जातीच्या ढगांतूनच. म्हणजे हा उपग्रह वर ताऱ्यांचं मरण पाहतो आणि खाली आपला वळीव.

आता मुख्य मुद्दा. स्फोटातले जास्त ऊर्जेचे कण मोजून थोडे असतात आणि ते उशिरा येतात.

लग्नात वरातीबरोबर नाचणारी गर्दी ठरल्या वेळी येते, दोन तासांत पांगते. पण एखादे मोठे काका असतात, वरात येऊन गेली तरी पोचलेले नसतात, आणि पोचले की मांडव उतरेपर्यंत हलत नाहीत. लाखांच्या पट्टीतले कण म्हणजे ती गर्दी, शंभर कोटींच्या वरचे म्हणजे ते काका. फर्मीने एकामागून एक स्फोटात हेच पाहिलं: मोठे कण थोडे मागाहून सुरू होतात आणि बाकी सगळं शांत झाल्यावरही येत राहतात. १९९४ मध्येच याचा एक नमुना मिळाला होता. त्या वर्षीच्या १७ फेब्रुवारीच्या स्फोटात कॉम्प्टन वेधशाळेला तब्बल तासाहून जास्त उशिराने १,८०० कोटींचा एक कण सापडला होता. तेव्हा त्याचं करायचं काय हे कोणाला नीट कळलं नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण २७ एप्रिल २०१३ चं. स्फोटाला तारखेवरूनच नाव मिळतं, म्हणून हा जीआरबी (गॅमा रे बर्स्ट, म्हणजे गॅमा किरणांचा स्फोट) १३०४२७ए. शनिवार होता, आपल्याकडे दुपारचे एक वाजून सतरा मिनिटं झाली होती, म्हणजे नागपुरात रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही ती वेळ. चार मिनिटांनी फर्मीवर साडेनऊ हजार कोटींचा एक कण आला. तोवर कोणत्याही स्फोटातून एवढा मोठा कण त्याला सापडला नव्हता. मग पृथ्वी आड येत होती, बाजूला होत होती, पण कण येतच होते, दिवसभर. आणि साडेनऊ तासांनी ३,२०० कोटींचा एक आला. सिद्धान्त मांडणाऱ्यांची अडचण झाली ती या एका कणाने.

अडचण समजायला आधी झोत समजायला हवा. स्फोटाचा उजेड मिलिसेकंदांत लुकलुकतो. प्रकाश एका मिलिसेकंदात तीनशे किलोमीटर जातो, त्यामुळे लुकलुकणारी वस्तू साधारण तेवढीच असायला हवी, नागपूर ते रायपूर एवढी. पण एवढ्याशा जागेत इतके गॅमा कण कोंबले तर ते एकमेकांवरच आपटून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होऊन जातील आणि मोठा कण एकही बाहेर पडणार नाही. ते तर बाहेर पडताना दिसतात. यातून सुटका एकच: अख्खा झोत आपल्याकडे प्रकाशाच्या ९९.९९ टक्क्यांहून जास्त वेगाने येतो आहे. तसं असलं की आपल्याला दिसणारी घाई ही खरी घाई नसते आणि जागाही वाटते तेवढी अरुंद राहत नाही. कण जितका मोठा, तितका झोताचा वेग जास्त मानावा लागतो. १६ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात तो ९९.९९९९ टक्क्यांवर गेला.

हा झोत पुढे ताऱ्याभोवतीच्या विरळ वायूवर आदळतो. तिथे इलेक्ट्रॉनांना प्रचंड ढकल मिळते, ते चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि गिरकी घेताना उजेड फेकतात. या धडकेला जोर धरायला वेळ लागतो आणि ओसरायला त्याहून जास्त. मोठे कण उशिरा येण्याचं आणि रेंगाळण्याचं सगळ्यात सरळ उत्तर हेच. पण गिरकीच्या उजेडाला वर एक छत आहे. इलेक्ट्रॉन जेवढी ऊर्जा कमावतो तेवढीच गिरकीत उधळायला लागला की त्याची बढती थांबते. झोत मंदावत जातो तसं हे छतही खाली येतं. साडेनऊ तासांनी ते ३,२०० कोटींच्या बरंच खाली आलेलं असायला हवं होतं. तो कण छताच्या वरून आला.

मग काय, कॅरम आठवायचा. जोरात सुटलेला स्ट्रायकर संथ सोंगटीवर बसला की सोंगटी सणकन सुटते. इथे इलेक्ट्रॉन स्ट्रायकर आणि त्यांनीच आधी फेकलेले हलके फोटॉन सोंगट्या. टक्कर झाली की हलका फोटॉन लाखो पट जड होऊन निघतो. या खेळाला गिरकीचं छत लागू नाही. कागदावर हे जुनं होतं, पण खात्री पटली ती १४ जानेवारी २०१९ च्या स्फोटात, स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींनी लाख कोटींपर्यंतचे कण पकडले तेव्हा. ऊर्जेच्या आलेखात खाली एक उंचवटा गिरकीचा, वर दुसरा उंचवटा टकरीचा, दोन्ही एकाच स्फोटात वेगळे दिसले. माझ्या मते अलीकडच्या काळातला या विषयातला हा सगळ्यात समाधानकारक निकाल आहे. काही जण मात्र हे दोन उंचवट्यांचं गणित सगळ्या स्फोटांना लावायला तयार नाहीत, आणि काही स्फोट खरंच त्यात नीट बसत नाहीत.

मॅजिक जमिनीवर आहे, मग हवा आड येत नाही का? येते, आणि तिचाच उपयोग होतो. मोठा कण वरच्या हवेत फुटला की कणांचा सडा पडतो आणि त्यातून निळसर उजेडाची क्षणभराची झलक खाली येते. ती टिपायची. आपल्याकडे लडाखमध्ये हानले इथे ४,३०० मीटरवर भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण हेच करते. चीनच्या सिचुआनमधली लासो वेधशाळा तर कणांचा सडाच मोजते, आणि कोजागिरीच्या त्या संध्याकाळी तिला पहिल्या पाऊण-एक तासात साठ हजारांवर कण मिळाले, त्यातले काही दहा लाख कोटींच्या पुढचे. उपग्रहांची उलट तारांबळ उडाली होती. फर्मीचे छोटे शोधक तर त्या माऱ्याने चक्क दिपले, त्यांची मोजदाद काही काळ कोलमडली. दूध उतू जाताना पातेल्याची खूण पाहून माप सांगता येत नाही, तसं.

आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रहही, २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला, स्फोट पकडतो. त्याच्यावरच्या कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या उपकरणाने सहाशेच्या वर स्फोट नोंदवले आहेत. पण ते लाखांच्या पट्टीतलं आहे, कोटींच्या नाही. उंच ऊर्जेसाठी अजून सगळ्यांना फर्मीकडेच पाहावं लागतं. ॲस्ट्रोसॅटचं बळ दुसरं: किरणांचं ध्रुवीकरण मोजणं, म्हणजे लहरी कोणत्या पातळीत हलतात ते. झोतातलं चुंबकीय क्षेत्र विस्कटलेलं आहे की शिस्तीत, हे त्यावरून ताडता येतं.

आणखी एक स्फोट सांगतो, नाहीतर चुकल्यासारखं होईल. १० मे २००९ चा. छोटा, सेकंदाच्या आतबाहेरचा. त्यातला ३,१०० कोटींचा एक कण सुरुवातीनंतर सेकंदाच्या आत पोचला. ते सगळे कण ७३० कोटी वर्षं प्रवास करत होते. अवकाश अतिसूक्ष्म पातळीवर खडबडीत असेल तर मोठा कण वाटेत किंचित रेंगाळेल, असं काही सिद्धान्त म्हणत होते. ७३० कोटी वर्षांच्या शर्यतीत हलका आणि जड एका सेकंदाच्या फरकाने पोचले, म्हणजे असलंच तर रेंगाळणं दहावर सोळा शून्यांत एक भाग एवढंही नाही. त्या सिद्धान्तांतली सगळ्यात सोपी मांडणी त्या एका कणाने मोडीत काढली.

हे सगळं मी काकूंना पुढच्या कोजागिरीला सांगितलं, सराटा हातात असतानाच. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दुधात काहीच नाही पडलं?"

"नाही, वरच अडलं सगळं."

"आणि तो जो नऊ तासांनी आला, तो कुठून आला?"

तेव्हा मला सांगता आलं नाही. घरी जाऊन ॲपमध्ये २७ एप्रिल २०१३ टाकलं. स्फोट सिंह राशीत, पूर्वा आणि उत्तरा फाल्गुनीच्या उत्तरेला, सप्तर्षींच्या पायांपाशी. दुपारी एक सतराला ती जागा नागपूरच्या क्षितिजाखाली होती. रात्री दहा पन्नासला, तो ३,२०० कोटींचा कण फर्मीवर पोचला तेव्हा, माथ्याच्या थोडी पश्चिमेला, चांगली उंच. फर्मीतला कण टंगस्टनच्या एका पत्र्यात संपला. त्याच्या सोबतीचा एखादा आपल्या बाजूला आला असेल तर वीस-पंचवीस किलोमीटर वर हवेत फुटला असेल. एप्रिलअखेरीस त्या वेळेला मी रोज कूलरच्या टाकीत पाइप सोडून, ती भरेपर्यंत बाल्कनीत उभा असतो.